एकशे सत्त्याऐंशी अर्थांची चोरी

१. झाडलेलं कपाट

सन १९३४ च्या दिवाळीच्या सुट्टीत जळगावातून एक इंग्रजी क्रियापद चोरीला गेलं.

क्रियापद तसं साधंच होतं, गेट. पण गेलं ते आपल्या एकशे सत्त्याऐंशी अर्थांसकट गेलं, आणि हे अर्थ आमच्या शाळेतल्या अभिमन मास्तरांनी नऊ वर्षं खपून गोळा केले होते. मी त्याच शाळेत ड्रॉइंग, ड्रिल आणि उरलेले विषय शिकवायचो. नाव वना, वय तेवीस. संशयितांच्या यादीत माझा नंबर तिसरा होता, त्यामुळे ही हकिगत मला जवळून माहीत आहे.

अभिमन मास्तरांचं म्हणणं असं की मराठी माणसाला मिळवायला एक शब्द लागतो, पोचायला दुसरा, समजायला तिसरा आणि आजारी पडायला चौथा. इंग्रज इतकी दगदग करत नाही. त्याला पत्र आलं तरी गेट, ताप आला तरी गेट, तो घरी पोचला तरी गेट आणि पोचेपर्यंत म्हातारा झाला तरी गेट.

"वना, एका शब्दावर त्यांनी अर्धी पृथ्वी चालवली आहे," मास्तर म्हणायचे.

"आणि उरलेली अर्धी?"

"ती बंदुकीवर. पण तो आपला विषय नाही."

मास्तरांची कामाची पद्धत निराळी होती. छापखान्यात मोठे कागद कापले की कडेच्या वीतभर रुंद, हातभर लांब पट्ट्या उरतात. त्या ते मागून आणत आणि एका पट्टीवर एक अर्थ लिहीत. वही त्यांनी वापरली नाही, कारण वहीत मधेच नवा अर्थ घुसवता येत नाही आणि गेटला कधी कुठून अर्थ फुटेल याचा नेम नसे. उदाहरणं सगळी इकडचीच. 'गाडी सोनगीरच्या चढाला अडकली': गेट. 'चोपड्याला पोचेपर्यंत केळी काळी पडली': पोचलो तेही गेट, केळी काळी पडली तेही गेट, आणि ज्याने ती केळी विकत घेतली त्याने काय केलं, तर तेही गेट. पट्ट्या सुट्या. वर-खाली खोक्याच्या दोन फळ्या, भोवती लाल खारव्याचं फडकं, त्यावर आडवी-उभी सुतळी. शाळेत सगळे त्या गठ्ठ्याला पोथी म्हणत.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी शाळा सुटली. मास्तरांना दिवाळीला चोपड्याला जायचं होतं, वाटेत तापी ओलांडायची होती, आणि पोथी पाण्यात पडली तर इंग्रजी भाषेचं काय होईल या काळजीने त्यांनी ती शाळेच्या कपाटात ठेवली. शिपाई सुपडूने त्यांच्यासमोर कुलूप लावलं. मास्तर परतले ते पुढच्या बुधवारी. कपाट बंद होतं. सुपडूने किल्ली फिरवली, दार उघडलं.

पोथी नव्हती.

तिच्या जागी लाल फडकं होतं. धुतलेलं. वाळवलेलं. चार घड्या घातलेलं. त्यावर सुतळी, गुंडाळून. कपाट आतून झाडून पुसून लख्ख केलेलं, आणि खालच्या फळीवर शाळेच्या हजेरीपटांसमोर ओळीने पाच बदाम ठेवलेले.

आमच्या शाळेत गेल्या सहा वर्षांत ते कपाट कुणी पुसलं नव्हतं. ते पहिल्यांदा चोराने पुसलं.

२. नाना

किल्ली एकच, आणि ती सुपडूच्या करगोट्याला. शाळेचे चिटणीस माणकशेठ यांना यापुढे विचार करायची गरज वाटली नाही. शाळा त्यांच्या जुन्या वखारीत भरे आणि मागच्या अंगणापलीकडे त्यांचं घर होतं, त्यामुळे ते दोन मिनिटांत आले. त्यांनी सुपडूला शाळेबाहेरच्या चौकात नेलं आणि टांगेवाले, पानवाला, हरभऱ्याची गाडी आणि आम्ही सगळे यांच्यादेखत त्याच्याकडून किल्ली काढून घेतली.

"चौदा वर्षं ठेवला, आणि चोर निघाला," माणकशेठ मोठ्याने म्हणाले. "सोमवारी शाळा उघडते. तोवर पोथी आणून दे. नाहीतर शाळेची खोली रिकामी कर."

चौकात एवढ्या माणसांसमोर काय बोलायचं असतं हे सुपडूला माहीत नव्हतं. सवय नव्हती.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की गेट चोरीला गेलं. बरेच लोक शाळेचं फाटक पाहायला येऊन गेले. फाटक जागेवर आहे हे बघून त्यांची निराशा झाली.

अभिमन मास्तर रडवेले झाले होते, पण पोथीपेक्षा सुपडूमुळे. "माझ्या नऊ वर्षांपायी त्याची चौदा जायची," ते म्हणाले. "वना, झुलाल नानांना बोलाव."

झुलाल नाना एकतीस वर्षं भुसावळला रेल्वेत हरवलेल्या मालाच्या खोलीत कारकून होते. छत्र्या, पेट्या, एकदा एक जिवंत बोकड आणि एकदा एक नवरदेव, असं सगळं त्यांनी ज्याचं त्याला पोचतं केलं होतं. पेन्शनीत आल्यापासून त्यांना करमत नसे, कारण घरात काही हरवत नव्हतं.

ते गुरुवारी सकाळी आले. कपाटासमोर बसले. फुटाणे खात खात अर्धा तास नुसते बघत राहिले.

"नाना, चोराचा काही माग?" मी विचारलं.

"भो, चोरलेला माल लपवलेला असतो. हरवलेला माल कुठेतरी नीट ठेवलेला असतो. आधी बघू दे आपला कोणता." त्यांनी एक हजेरीपट उघडला. "कपाटात कसर होती ना रे? कागद खाणारी?"

"होती. हजेरीपटातली निम्मी मुलं तिनेच खाल्लीत."

"आता एकही नाही. पण एकही मेलेली पण नाही. तू झटकलं असतंस तर दहा-बारा तरी चिरडल्या असत्यास, पानाला डाग पडला असता. डाग दाखव."

डाग नव्हता. नानांनी हजेरीपटावरची पिवळी भुकटी बोटाला लावून हुंगली, माझ्याकडे धरली. हळद नव्हती. चंदनासारखा वास होता. मग त्यांनी कपाटाच्या दारावरची धूळ जमलेली अक्षरं वाचली. ती अक्षरं आमच्यापैकी प्रत्येकाने रोज पाहिली होती, म्हणजे कुणीच वाचली नव्हती. 'लाडकुंवरबाई यांजकडून शाळेस सप्रेम भेट.'

"कपाट झकास आहे," नाना म्हणाले. "पोपट कोरलेत. आता माणसं आणा."

३. टेकवाले मास्तर

पहिला मान उखर्डू मास्तरांचा. ते खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवत आणि त्यांचा स्वतःचा ग्रंथ 'टेक' या क्रियापदावर चालू होता. एकशे बेचाळीस अर्थ. दोघा मास्तरांचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. कारण असं की रजेच्या बाबतीत मुख्य शब्द कोणता, रजा घेणं म्हणजे टेक की रजा मिळणं म्हणजे गेट, यावरून एकदा वर्गातच वाजलं. त्या सहा वर्षांत दोघांनाही एकदाही रजा मिळाली नव्हती. एकमेकांना सांगायचं ते ते सुपडूकरवी सांगत.

"गेट गेलं त्या दिवशी तुम्ही कुठे होता?" नानांनी विचारलं.

"ते जाऊ द्या. माझी टेकची वही त्याच कपाटात होती. शेजारीच!"

"गेली?"

"नाही ना!" उखर्डू मास्तरांनी कपाटाकडे हात केला. "पुठ्ठ्याची बांधीव वही. वर सोनेरी शाईने नाव. चोराने तिच्यावर पिवळी भुकटी टाकली आणि पुढे गेला. म्हणजे पाहिली, उचलली, आणि नको म्हणाला. अभिमनचे सुटे चिठोरे चालतात, माझी बांधीव वही चालत नाही?"

"तुम्ही नेली नाहीत कशावरून?"

"मी नेली असती तर माझी पण नेली असती. संशय नको म्हणून." जरा थांबून ते खालच्या आवाजात म्हणाले, "नाना, ही करणी आहे. पाच बदाम, पिवळी भुकटी. कुणीतरी अभिमनच्या इंग्रजीवर करणी केली."

"इंग्रजीवर करणी चालत नाही," नाना शांतपणे म्हणाले. "एवढी वर्षं लोक करून बघताहेत."

मग माझा नंबर. मी दिवाळीआधी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की मास्तरांच्या पट्ट्यांना पतंगाची शेपटी म्हणून तोड नाही. नानांनी विचारलं, "मग लावलीस का?" मी म्हणालो, संक्रांतीला दोन महिने आहेत. नानांनी मान डोलावली आणि मला यादीतून काढलं. मला थोडा अपमान वाटला.

सुपडू आपल्या खोलीच्या दारात बसला होता. शाळेच्या विहिरीला लागून ती एक खोली. आत धुरपदाबाई, त्याची बायको, कामात होती.

"कुलूप मी लायं, नाना. दोनदाव खेची दखं," सुपडू म्हणाला. "पोथी आतमा व्हती. ज्यास्ले वाचता येस त्यास्नीच ती वाची नही, मी चोरीसन काय करू?"

अभिमन मास्तर शेजारी उभे होते. त्यांना हे लागलं, पण त्यांनी ते मान्य केल्यासारखी मान हलवली.

"सुट्टीत शाळेत कोणी आलं?"

"कोनी नही. चौकनं दार बंदच. मागलं अंगन मात्र शेठनं. तठला दरोजा त्यास्ना शे."

आतून धुरपदाबाई म्हणाली, "नाना, भांडा बांधी ठेवात मी. पन चूल नही काढी. चूल सोमवारले काढसू. खरं निंघनं तं पुन्हा कोन बसाडी?"

नाना उठले. छत्री काखेत मारली. "अक्का, चूल राहू दे," ते म्हणाले. पण हे ते धीर द्यायला म्हणाले की त्यांना काही ठाऊक झालं होतं म्हणून, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. त्यांचा चेहरा पार्सलसारखा होता. आत काय आहे ते बाहेरून दिसत नसे.

४. घरातली शांतता

माणकशेठ बैठकीत गादीवर बसले होते. त्यांनी चहा मागवला आणि नानांनी विचारायच्या आत उत्तरं द्यायला सुरुवात केली.

"नाना, फुकट वेळ घालवताय. कुलूप फुटलेलं नाही. किल्ली त्याच्याकडे. बाहेरचा कुणी आला असता तर आमच्या अंगणातूनच यावं लागलं असतं, आणि आवाज आम्हाला आला असता. सोमवारी तर घर चिडीचूप होतं. आईचा निर्जळी उपास आणि मौन. दिवसभर एक शब्द नाही. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"मौन कशाचं?"

"पंचमीचं. दरवर्षी करते. अठ्ठ्याहत्तर वय आहे, ऐकत नाही."

"दुसऱ्या दिवशी बोलल्या?"

"बोलली की. दूध पाहिजे म्हणाली."

"आणि बुधवारपासून, पोथी गेल्यापासून, त्यांना कुणी विचारलं?"

माणकशेठना प्रश्नच समजला नाही. "आईला? आईला काय विचारायचं? ती मागच्या सोप्यात असते. शाळेत काय चाललंय तिला काय कल्पना? चाळीस वर्षांत ती पुढच्या दाराने बाहेर पडलेली नाही."

नानांनी चहा संपवला. कप पालथा घातला. मला वाटलं आता उठतील. ते उठले नाहीत.

"माणकशेठ, शाळेतलं ते पोपटांचं कपाट कुठलं?"

"आईच्या लग्नातलं. मारवाडातून आलंय. शाळा निघाली तेव्हा तिने दिलं."

"कुलूप दारातच बसवलेलं आहे. असं कुलूप कारागीर करतो तेव्हा किल्ल्या दोन देतो. शाळेला एक दिली. दुसरी कुठे आहे?"

माणकशेठ हसले. मग हसायचे थांबले. आतल्या दाराचा पडदा हलला आणि त्याच्यामागे कुणाच्या तरी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजला.

"आत्ता काही बोलू नका," नाना म्हणाले. "रविवारी दुपारी सगळ्यांना बोलवा. सुपडूलाही. सगळ्यांसमोर एकदाच सांगतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही."

"रविवारी का? आज काय झालं?"

"मला अजून एका गोष्टीची खात्री करायची आहे. आणि फुटाणे संपलेत."

दोन दिवस नाना गावातल्या जैन देरासराच्या पायरीवर बसून होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, पुजाऱ्याशी बदामांबद्दल बोलत होतो.

५. नाना बोलतात

रविवारी बैठकीत आम्ही सगळे होतो. अभिमन मास्तर एका कोपऱ्यात, उखर्डू मास्तर दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये सुपडू, सवयीने, निरोप पोचवायच्या जागी. आतल्या दाराला पडदा.

"चोराने काय नेलं यावर सगळे डोकं चालवत बसले," नानांनी सुरुवात केली. "आमच्या खोलीत आम्ही उलटं करायचो. काय ठेवून गेला ते बघायचो. याने काय काय ठेवलं? एक, लाल फडकं. धुऊन. चोर फडक्यासकट गठ्ठा उचलतो, कारण नाहीतर पट्ट्या हातातून घसरतात. फडकं कोण सोडतो? ज्याला दुसरं, नवं फडकं बांधायचं आहे तो. आणि धुऊन परत कोण ठेवतो? दुसऱ्याची चिंधीसुद्धा आपल्याकडे राहू नये असं ज्याला वाटतं तो. असा माणूस चोर असेल तर मी भुसावळचा स्टेशनमास्तर."

नानांनी दुसरं बोट उघडलं.

"दोन, कसर. एकेक कसर जिवंत उचलून बाहेर सोडली. हे सुपडूचं काम नाही. सुपडू चपलेने मारतो."

"मारस," सुपडूने कबूल केलं.

"तीन, उखर्डू मास्तरांची वही. शेजारीच होती, बांधीव, सोनेरी अक्षरांची. नेली नाही. म्हणजे नेणाऱ्याला इंग्रजी क्रियापद नको होतं. गेटही नको, टेकही नको." उखर्डू मास्तरांच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा समाधान दिसलं. "मग अभिमनच्या गठ्ठ्यात असं काय होतं जे वहीत नाही? लांब सुटी पानं. वर-खाली फळ्या. लाल फडकं, आडवी-उभी दोरी. तुम्ही सगळे त्याला पोथी म्हणता. का म्हणता?"

"तशी दिसते म्हणून," मी म्हणालो.

"तशीच दिसते. देरासरात जुन्या पोथ्या आहेत, मी दोन दिवस बघून आलो. हुबेहूब. आता चार, बदाम आणि भुकटी. दिवाळीनंतरच्या पंचमीला जैन लोकांत ज्ञानाची पूजा असते. पोथ्या बाहेर काढायच्या, झाडायच्या, जुनं वेष्टन काढून नवं घालायचं, सुगंधी भुकटी वाहायची, पाच पाच फळं ठेवायची. काही जण त्या दिवशी उपास आणि मौन करतात. भुकटी कपाटात सगळ्यांवर टाकलेली आहे. हजेरीपटांवरसुद्धा. कारण अक्षर ते अक्षर." नाना थांबले. "सोमवारी पंचमी होती. कपाटाची दुसरी किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांनी दरवर्षी घरच्या पोथ्यांची पूजा केली, यंदा वाटलं, आपण शाळेला दिलेल्या कपाटातही विद्या आहे, तिचंही करू. उघडलं, आणि धुळीत, कसरीत, हजेरीपटांखाली एक पोथी पडलेली दिसली. त्यांना काय वाटलं असेल? मौन होतं, त्यामुळे कुणाला सांगितलं नाही. मौन सुटलं, तर कुणी विचारलं नाही."

माणकशेठ पांढरे पडले होते. "नाना, तुम्ही कुणाबद्दल बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

पडदा सरला.

लाडकुंवरबाई बाहेर आल्या. लहानखुऱ्या, वाकलेल्या, डोक्यावरून पदर नाकापर्यंत. हातात रेशमी लाल वेष्टनातला गठ्ठा होता. त्यांनी तो चौरंगावर ठेवला, नमस्कार केला आणि मग मुलाकडे वळल्या.

"माणक, कांई चोरी हुई?"

"आई, ही पोथी..."

"ही? ही चोरी नाही, बेटा. ही धुळीत होती." त्यांची मराठी सावकाश होती, शब्द एकेक करून वेचल्यासारखी. "मी वेष्टन घातलं. पंचमीला एक्कावन्न नमस्कार केले. रोज दिवा लावते. पौर्णिमेला देरासरात देणार होते. फडकं शाळेचं होतं, ते परत ठेवलं."

एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने उपाशीपोटी एका इंग्रजी क्रियापदाला एक्कावन्न नमस्कार घातले होते. विलायतेत त्याला एवढा मान मिळाल्याचं ऐकिवात नाही.

"मासाहेब," अभिमन मास्तर हात जोडून पुढे आले, "ही पोथी माझी आहे."

त्यांनी पदराआडून मास्तरांना नीट न्याहाळलं. "तुम्ही लिहिली? कोणतं शास्त्र?"

मास्तरांनी घाम पुसला. नऊ वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी इतक्या आदराने विचारला नव्हता. "एक शब्द आहे. त्याचे अर्थ. मिळवणं, आणणं, पोचणं, होणं..."

"सगळं घेण्याचंच?" बाईंचा आवाज उतरला. "सोडण्याचं काही नाही?"

मास्तर खाली बसले, वेष्टन सोडलं, पट्ट्या चाळू लागले. आम्ही सगळे वाकून बघत होतो. उखर्डू मास्तरसुद्धा.

"आहे!" मास्तर ओरडले. "एकशे एकोणचाळीस. गेट रिड ऑफ. टाकून देणं, मुक्त होणं."

"मिळवण्याच्या शब्दातच?"

"त्यातच."

लाडकुंवरबाईंनी पुन्हा पोथीला नमस्कार केला. "मग शास्त्रच आहे," त्या म्हणाल्या.

उखर्डू मास्तर सहा वर्षांनी थेट बोलले. "अभिमन," ते म्हणाले, "एकशे एकोणचाळीस मला उतरून घेऊ दे."

६. चौक

"चला, मिटलं," माणकशेठ घाईने उठले. खिशातून किल्ली काढली, सुपडूपुढे धरली. "घे. उद्या वेळेवर ये. गैरसमज झाला. तू चोर नाहीस, बस?"

सुपडूने किल्ली घेतली नाही.

"शेठ," तो म्हणाला, "तुम्ही माले चोर म्हनं ते चौकमा. चोर नही म्हनी ऱ्हायनात ते बैठकमा. चौक काय बैठकमा येस का?"

"म्हणजे?"

"मना सासरवाडीना मानूस टांगा लई उभा व्हता तठे. त्यानी आयकं. धुरपदी चार दिन व्हयनात, पानी भराले बाहेर नही निंघनी. तो टांगावाला आठे कशा येवाव?"

माणकशेठ आमच्याकडे बघू लागले. नाना खिडकीतून बाहेर बघत होते. मास्तर पट्ट्या लावत होते. मी मदतीला होतो, पण माझी मदत कुणी मागितली नव्हती.

शेवटी माणकशेठ निघाले. पुढे ते, मागे सुपडू, मागे आम्ही. रविवारची दुपार, चौक भरलेला. टांगेवाले होते, पानवाला होता, हरभऱ्याची गाडी होती, आणि फाटक बघायला आलेले दोन-तीन उशिराचे लोकही होते. माणकशेठ शाळेच्या ओट्याच्या पायरीवर उभे राहिले. खाकरले.

"सुपडूने चोरी केली नाही," ते म्हणाले.

"काय?" पानवाला ओरडला. "ऐकू नाही आलं, शेठ!"

"सुपडूने चोरी केली नाही!"

"मग कोनी करी?" एका टांग्यातून आवाज आला.

"कुणीच नाही. चोरी झालीच नाही."

"मंग पोथी कशी गई?"

"नेली होती."

"कोनी?"

माणकशेठनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमालाची घडी घातली, परत उलगडली. गर्दी वाट बघत होती. जळगावच्या लोकांना दुपारी फार काम नसतं. सुपडू मान खाली घालून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते, कारण आता गर्दीला वाटू लागलं होतं की शेठ त्याला पाठीशी घालताहेत.

तेवढ्यात मागे खालच्या आवाजात कुजबुज झाली, आणि माणसं बाजूला सरकली. अंगण ओलांडून, शाळेच्या पुढच्या दारातून लाडकुंवरबाई बाहेर येत होत्या. एका हाताने पदर, एका हाताने भिंत. उन्हामुळे त्यांना काही दिसत नव्हतं, त्यामुळे त्या आवाजाच्या दिशेने चालल्या होत्या.

"बोल ना, माणक," त्या म्हणाल्या. "थारी मां ले गई. मी नेली. याच्यात लाजायचं काय आहे? मी तर पूजेला नेली. लाजायचं ते तू केलंस."

हरभरेवाल्याने पळी खाली ठेवली.

माणकशेठ सावकाश दोन पायऱ्या उतरले, सुपडूच्या पातळीला आले. "माझ्या आईने नेली होती," ते म्हणाले, आणि या खेपेला पानवाल्याला ऐकू गेलं. "मी न विचारता याचं नाव घेतलं. चुकलं."

त्यांनी किल्ली पुढे केली. सुपडूने दोन्ही हातांनी घेतली, करगोट्याला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. टांग्यातला त्याचा सासरवाडीचा माणूस उठून उभा राहिला होता. सुपडूने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि शाळेत गेला.

आम्ही तिथेच होतो. आता पुढे काय करायचं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं. माणकशेठ शाळेच्या उंबऱ्यापाशी टेकले होते. आतून खराट्याचा आवाज आला, जवळ जवळ येत दारापर्यंत आला आणि थांबला.

"शेठ," सुपडू म्हणाला, "जरासा बाजूले व्हा. धूय उडी."

माणकशेठ बाजूला झाले.